कसब कारागिराचे, पेठ कोणाची?

बडोद्याला दांडिया बाजारात माझ्या मामांचे बिऱ्हाड होते. माडीवरच्या दिवाणखान्यात, तुळईच्या कड्यांना पितळी साखळ्यांनी टांगलेला एक झोपाळा होता. गर्द किरमिजी रंगाचा, आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. आम्ही बेळगावची मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन गाड्या बदलून तिथे पोहोचलो, की आधी त्या झोपाळ्यावर जागा धरायचो. ती वेलबुट्टी खऱ्या सोन्याची आहे अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. एकदा नखाने खरवडून पाहत असताना मामी म्हणाल्या, "अरे, सोने नव्हे ते. कथील आहे. वरून लाख चढवली, की सोने दिसते."

झोपाळा संखेड्याचा होता. बडोद्याच्या आग्नेयेला, सुमारे पन्नास किलोमीटरांच्या आत, ओरसंग नदीच्या काठी हे गाव आहे. पूर्वी ते बडोदे जिल्ह्यात होते. २०१३पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. इथले खरादी-सुथार सागवान खरादावर धरून पाय, खांब, गज कातून काढतात. कथलाच्या पातळ पत्र्याची कुटून, सरसात घोळून पूड करतात आणि तिची नक्षी बारीक कुंचल्याने लाकडावर उतरवतात. मग अकीक दगडाने ती घोटून चकचकीत करायची आणि लाकूड फिरत असतानाच त्यावर लाखेचा पारदर्शक थर चढवायचा. या थराखालून पांढरे कथील सोन्यासारखे दिसू लागते. खरादाला गुजरातीत संघेडा म्हणतात, आणि गावाचे नाव त्यावरूनच पडले असे तिथले लोक सांगतात.

पुढे मोठेपणी बडोद्याच्या इतिहासाचा थोडाफार अभ्यास घडला, तेव्हा या झोपाळ्याने मला एक प्रश्न घातला, तो आजवर सुटलेला नाही. ज्या संस्थानाने कारागिरांच्या शिक्षणासाठी हिंदुस्थानात जवळजवळ कोणाच्याही आधी शाळा काढली, ज्या शहरात देशातली पहिली म्हणावी अशी सहकारी पतपेढी निघाली, त्या संस्थानातल्या कारागिराला आपला माल आपल्या नावाने, आपल्या भावाने विकता का येऊ नये?

वर्षांकडे पाहावे. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी 'अन्योन्य सहायकारी मंडळी' स्थापन केली. पुढच्याच वर्षी, १८९० साली, 'कलाभवन' सुरू झाले. एक संस्था पैशाची आणि एक कसबाची. एकाच शहरात, अवघ्या दीड वर्षाच्या आत. इतिहासात असे योग वरचेवर येत नाहीत.

आधी कलाभवनाचे. त्याचे श्रेय महाराज सयाजीरावांना आहेच, पण त्याचा आराखडा होता प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा. गज्जर सुरतेचे. गज्जर म्हणजे सुतार. लाकडाच्या कामात मुरलेल्या जातीत हा माणूस जन्मला आणि रसायनशास्त्र शिकून बडोदे कॉलेजात शिकवू लागला. त्यांचा ध्यास असा, की कारागिराच्या मुलाला रंगशास्त्र, विणकाम, चित्रकला, लाकूडकाम यांचे आधुनिक शिक्षण मिळावे, आणि तेही त्याच्या मातृभाषेतून. सुताराच्या पोराने इंग्रजी येत नाही म्हणून रसायनाला मुकावे, हे त्यांना पटत नव्हते. शिकवायला पुस्तके नाहीत म्हटल्यावर त्यांनी महाराजांच्या आश्रयाने गुजरातीत शास्त्रीय ग्रंथमाला काढवून घेतली. राजा मराठी, प्रजा बहुतेक गुजराती आणि ज्ञान इंग्रजीत, अशा तिहेरी पेचातून काढलेली ही वाट होती. शाळेत एक भाषा, बाजारात दुसरी आणि घरात तिसरी, असे दिवस काढलेल्या आपल्या सीमाभागातल्या वाचकाला तिचे मोल वेगळे सांगायला नको.

कलाभवनातून माणसे निघाली, आणि मोठी निघाली. दादासाहेब फाळके काही काळ इथे शिकले. गज्जरांच्या शिष्यांपैकी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन हे १९०७ साली निघालेल्या 'अलेंबिक' कारखान्याशी निगडित आहेत. कापडगिरण्यांना रंगखात्यावर शिकलेली माणसे हवी होती, ती बडोद्याने पुरवली. पण एवढ्यात एक गोष्ट निसटली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. सुताराच्या, रंगाऱ्याच्या, कोष्ट्याच्या मुलासाठी काढलेली शाळा हळूहळू गिरणीच्या आणि कारखान्याच्या नोकरीची शाळा झाली. यात कोणाचा दोष काढावा असे नाही. शिकलेल्या पोराला दरमहा पगार दिसत असताना तो वडिलांच्या खरादाकडे परत कशाला जाईल? गज्जर स्वतः १८९६ साली बडोदे सोडून मुंबईला गेले. पुढे कलाभवनाची परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत मिसळून गेली. डांडिया बाजाराच्या त्या बाजूने गेलो, की ती भव्य इमारत दिसते. मी तिच्यापुढे थांबतो आणि मनात येते, इथून किती हजार इंजिनियर बाहेर पडले असतील! किती खरादी?

महाराजांचा स्वतःचा कल कोणीकडे होता, तेही पाहिले पाहिजे. १९०२ साली अहमदाबादेस काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच वेळच्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन सयाजीरावांनी केले. त्या भाषणातला त्यांचा भर यंत्रावर, शास्त्रावर आणि शिक्षणावर होता. जुन्या कसबाचे निव्वळ कौतुक करत बसणारा हा राजा नव्हे. रमेशचंद्र दत्त, ज्यांनी इंग्रजी अमदानीत हिंदी कारागीर कसा बुडाला याचा इतिहास लिहिला, ते १९०४ साली बडोद्याच्या सेवेत आले, दिवाण झाले आणि १९०९ साली बडोद्यातच वारले. म्हणजे रोगाचे निदान करणारा वैद्यही दरबारात हजर होता.

आता 'अन्योन्य'चे. हे नाव मला फार आवडते. मदत वरून खाली येणारी नव्हे, एकमेकांनी एकमेकांना करायची. १८८९ साली सहकाराचा कायदा नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा १९०४चा. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी बडोद्यातल्या काही मध्यमवर्गीय मंडळींनी, त्यांत महाराष्ट्रीय ठळक, आपापल्या शिलकीची मोट बांधली आणि गरजूला त्यातून कर्ज देण्याचा प्रघात पाडला. सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा हेतू. त्यामुळेच देशातल्या सहकारी पतसंस्थांच्या इतिहासात पहिले पान या मंडळीच्या नावाने सुरू होते.

पण हे सभासद कोण? कारकून, शिक्षक, नोकरदार. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्याला महिन्याला वर्गणी भरता येते. कारागिराचे तसे नसते. त्याचा पैसा सागवानात, लाखेत, सुतात अडकलेला असतो आणि माल विकला गेल्यावाचून सुटत नाही. त्याची गरज कर्जाइतकीच पेठेची. कर्ज देणारी मंडळी आणि कसब शिकवणारी शाळा शेजारी शेजारी होत्या. माल एकत्र करून विकणारी तिसरी संस्था त्यांच्यामध्ये उभी राहायला हवी होती. ती जागा व्यापाऱ्याने भरली. व्यापाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण तो आगाऊ रक्कम देतो, पावसाळ्यात सांभाळतो आणि मुलीच्या लग्नाला धावून येतो. त्या बदल्यात भाव तो ठरवतो, एवढेच.

पेठ नव्हती म्हणजे कीर्ती नव्हती असे मात्र नाही. बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्याची गोष्ट पाहा. एकोणिसाव्या शतकात खंडेराव महाराजांनी तो करवून घेतला, असे मानले जाते. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर बसवलेले लक्षावधी बारीक मोती, त्यांत हिरे, माणके, पाचू. १९०२-०३च्या दिल्ली प्रदर्शनात तो मांडला गेला तेव्हा पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. २००९ साली दोह्यात झालेल्या लिलावात तो सुमारे पंचावन्न लाख डॉलरना गेला. करवून घेणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, विकणाऱ्या पेढीचे नाव ठाऊक आहे. ज्यांनी एकेक मोती सुईत ओवला, त्यांपैकी एकाचेही नाव कोणी सांगत नाही. प्रदर्शन ही चीज अशी आहे. तिथे वस्तूचे नाव होते, संस्थानाचे नाव होते. बसून काम करणारा बसलेलाच राहतो.

याला बडोद्यातच एक अपवाद सापडतो, आणि तो एका बाईने घडवला. १९१४ साली महाराणी चिमणाबाईंनी 'स्त्री उद्योगालय' काढले. दुसऱ्या चिमणाबाई या नुसत्या महाराजांच्या पत्नी नव्हत्या. स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी सहलेखकाबरोबर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले होते, आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या. बाईने घराबाहेर कमवायला जाणे म्हणजे घराण्याला कमीपणा, असा तो काळ. विधवा आणि टाकलेल्या बायकांचे हाल तर विचारूच नयेत. अशा बायकांनी एका छपराखाली यावे, शिवण-भरतकाम शिकावे, करावे आणि त्याचे चार पैसे हातात घेऊन घरी जावे, अशी ती कल्पना होती. शिकवण, काम आणि विक्री ही तिन्ही अंगे इथे एकाच ठिकाणी आली. शाळेला जे जमले नाही आणि पेढीला जे सुचले नाही, ते या उद्योगालयाने लहान प्रमाणात करून दाखवले. शंभरी उलटल्यावरही ही संस्था चालू राहिली, हे उगीच नव्हे.

तरीही संस्था राणीसाहेबांची होती. बायका काम करणाऱ्या होत्या, मालकिणी नव्हत्या. हा भेद काहींना काथ्याकूट वाटेल, पण माझ्या मते सगळे यातच आहे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयावर उभ्या असलेल्या किती तरी गोष्टींचा आधार एका दिवसात गेला. राजा चांगला होता म्हणून जे चालले, ते राजा गेल्यावर कोणी चालवायचे?

मालकीचा हा प्रश्न गुजरातेतच पुढे फार नेटाने हाती घेतला गेला. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत 'सेवा' ही स्वयंरोजगारी बायकांची संघटना काढली. दोन वर्षांनी, १९७४ साली, चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये भाग भरून स्वतःची बँक उभी केली. सही येत नाही म्हणून बँका दारात उभ्या करत नसत, तर त्यांनी फोटोवर आणि अंगठ्यावर बँक चालवली. पुढे पाटणकडच्या आणि कच्छच्या भरतकाम करणाऱ्या बायका व्यापारासाठी एकत्र आल्या, त्यांची कंपनी झाली आणि भागधारक त्याच झाल्या. मला इथे कवठेकरांची आठवण होते. कल्पना तीच, अन्योन्यतेची. फक्त पगारदारांच्या ओसरीवरून उतरून ती टोपलीवाल्या, चिंधीवाल्या आणि सुईवाल्या बायकांच्या वस्तीत गेली, आणि त्यासाठी पाऊणशेहून अधिक वर्षे लागली.

आणि कवठेकरांच्या मंडळीचे काय झाले? हे लिहिताना वाईट वाटते. पुढे ती 'अन्योन्य' बँक झाली, शतक उलटले, आणि २००७ साली रिझर्व्ह बँकेने तिच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. नंतर तिचा परवानाही गेला. सभासदांची मालकी कागदावर असून भागत नाही. सभासदांनी हिशेब विचारावा लागतो. आमच्या एका नातेवाइकाच्या तोंडून त्या दिवसांतल्या रांगांचे वर्णन ऐकले आहे. असो.

बडोद्याचा एक धागा मात्र आपल्या बाजूला येऊन पोहोचला आहे, तो सांगितलाच पाहिजे. सावंतवाडीच्या राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. लग्न होऊन त्या सावंतवाडीला आल्या, तेव्हा तिथली गंजिफा आणि लाखकाम ही कला अखेरच्या घटका मोजत होती. पुंडलिक चितारी यांच्यासारखे वृद्ध जाणकार उरले होते, पण शिकणारे नव्हते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्यापाशी शिकायला बसले, मग तरुण पोरांना बसवले, आणि राजवाड्याच्या दरबारातच कारखाना आणि विक्री चालू झाली. १९९५ साली राजे गेले, २०१८ साली राजमाता गेल्या. काम थांबले नाही. संखेड्याची लाख आणि सावंतवाडीची लाख यांचे नाते पुस्तकी अर्थाने जोडता येणार नाही. पण लाखेचा वास ओळखणारी मुलगी बडोद्याहून आली, हे मला नुसता योगायोग मानवत नाही. इथेही छप्पर राजवाड्याचे होते, हे ध्यानात ठेवू.

दुसरे उदाहरण तर अगदी आपल्या उंबऱ्यातले. अथणीची चप्पल देशभर कोल्हापुरी म्हणून विकली जाते, हे बेळगाव जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. कातडे पुरुषांनी कापायचे, वेण्या घालायचे आणि शिवायचे काम बायकांनी करायचे, आणि भाव मात्र मिरज-कोल्हापूरच्या घाऊक दुकानात ठरायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या बायकांचे बचतगट बांधून 'टो-होल्ड' नावाची कारागिरांची सामुदायिक संस्था उभी राहिली. वेणी घालणारी बाई भागधारक झाली, डाव्या-उजव्या पायाचे माप नीट आले, आणि चप्पल परदेशी गेली. कानडी बोलणारा ढोर-चांभार कारागीर, मराठी नावाची चप्पल आणि इंग्रजी नावाची संस्था. भाषेच्या वादात आपण जेवढे रक्त आटवले, त्याच्या दशांश जरी या मालाच्या भावासाठी आटवले असते तर!

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकाच कागदावर सह्या झाल्या, हे चित्र मनोहर आहे. पण त्या कागदावर मालक म्हणून नाव आहे दोन राज्यांच्या दोन चर्मोद्योग महामंडळांचे. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या 'प्राडा'ने मिलानच्या मंचावर तशाच चपला आणल्या आणि गिल्ला झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, तेव्हा न्यायालयाने विचारले ते हेच, की नोंदणीकृत मालक तुम्ही आहात काय? याचिका फेटाळली गेली. न्यायालयाचे कायद्याने चुकले असे मी म्हणणार नाही. पण कारागिराची वस्तू, कारागिराची कीर्ती आणि दाद मागायचा हक्क दुसऱ्याच दप्तरात, हा १९०३च्या गालिच्याचाच नवा अवतार नव्हे काय?

संखेड्याच्या लाकूडकामालाही असाच भौगोलिक निर्देशांक २००७ साली मिळालेला आहे. सहा-सात वर्षांपूर्वी मी मुद्दाम तिथे गेलो. बसस्टँडपासून चालतच गेलो. एका बोळात तीन-चार कारखाने शेजारी शेजारी. खराद आता विजेचा, पण लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकली की येणारा तो वास जुनाच. पन्नाशीचे एक कारागीर काम करत होते. मी बेळगावचा म्हटल्यावर त्यांना अर्थबोध झाला नाही. बडोद्यात दांडिया बाजारात मामा होते म्हटल्यावर लगेच पाट पुढे आला. "दक्षिणी छो," म्हणाले. आमच्या लोकांना गुजराती माणूस अजून दक्षिणीच म्हणतो.

निर्देशांकाने भाव वाढला का, असे मी विचारले. ते हसले. "भाव तो वेपारी नक्की करे, भाई." तुम्ही सारे मिळून बडोद्यात एक दुकान का घेत नाही, हाही प्रश्न मी विचारला. मला वाटले होते, ते फुटीबद्दल, भाऊबंदकीबद्दल बोलतील. त्यांनी सरळ हिशेब मांडला. दुकानात माल भरून ठेवायचा म्हणजे सहा महिन्यांचे सागवान अडकणार. तेवढे दिवस घर कशावर चालवायचे? व्यापारी निदान आठवड्याला रोकड देतो. मग खराद थांबवून म्हणाले, की कोणी आम्हाला सहा महिने थांबण्याची ताकद देईल, तर दुकान आम्ही काढू, कोणी शिकवायची गरज नाही. कलाभवन आणि अन्योन्य यांच्या मधली जी रिकामी जागा मी पुस्तकांतून शोधत होतो, ती या माणसाने एका वाक्यात दाखवली.

खिशात मामांच्या झोपाळ्याचा फोटो होता. मामेभावाने तो आता बडोद्याच्या नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये खाली, चौकटीवर बसवला आहे. बसवताना फळी उलटी केली, तेव्हा खालच्या बाजूला बडोद्याच्या एका दुकानाचा पुसट रबरी शिक्का निघाला होता. तो शिक्काही मी फोटोत घेतला होता. कारागिरांनी शिक्क्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला, डोळ्याजवळ नेला, आणि झोपाळ्याच्या पाठीच्या गजांवर बोट ठेवले. दोन मण्यांच्या मध्ये एक बारीक खाच होती, ती मी साठ वर्षांत कधी पाहिली नव्हती.

"ही खाच आमच्या बोळातली," ते म्हणाले. "माझे आजोबा काढत, किंवा त्यांच्या शेजारचे. तिसरे कोणी नाही."